कमांडरमध्ये कुणी डाव सोडून उठलं तर? काही महिने नियमावलीप्रमाणे खेळल्यावर

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातला चौघांचा कमांडर हा प्रकार म्हणजे प्रत्येकी ४० लाइफ (आयुष्याचे गुण) आणि १०० पत्त्यांचा डेक. डाव लांबतो आणि कुणीतरी मधेच उठतंच. मग उरलेल्या तिघांची हुज्जत सुरू. दर वेळी नव्याने वाद नको म्हणून आमच्या ग्रुपने नियमावलीतला ८००.४ हा भाग जसाच्या तसा पाळायला घेतला. माझं मत आधीच सांगतो: नियम चोख आहे, त्रास माणसांचा आहे.

मूळ नियम सोपा. जो गेला त्याच्या मालकीचं सगळं त्याच्याबरोबर जातं, मग ते दुसऱ्याच्या ताब्यात का असेना. गंमत आहे ती उलट बाजूला, म्हणजे त्याच्याकडे अडकलेल्या आपल्या क्रीचरची (लढणाऱ्या पत्त्याची). त्याने ते 'कंट्रोल मॅजिक' लावून पळवलं असेल, तर तो उठताच ते आपल्याकडे परत येतं. पण 'रीअॅनिमेट'ने आपल्या ग्रेव्हयार्डमधून (बाद पत्त्यांच्या ढिगातून) थेट स्वतःच्या ताब्यात उतरवलं असेल, तर संपवायला ताब्याचा वेगळा इफेक्टच नसतो; क्रीचर एक्झाइल होतं, म्हणजे खेळाबाहेर जातं. यावर सुरुवातीला बरीच तोंडं वाकडी झाली. स्वतः टेबलावर असेपर्यंत दुसरा पत्ता एक्झाइलमध्ये अडकवणाऱ्या 'ऑब्लिव्हियन रिंग'चंही तसंच. परतीचा ट्रिगर (ठरावीक घटनेवर आपोआप घडणारा परिणाम) ज्याचा, तोच टेबलावर नाही, त्यामुळे अडकलेला पत्ता कायमचा गेला. नंतरच्या 'बॅनिशिंग लाइट'ची शब्दरचना वेगळी असल्याने तिथे पत्ता लगेच परत येतो. नवख्याला हे पटवताना दोन्ही पत्ते शेजारी ठेवून वाचायला लावावेत.

उठणाऱ्याने डेक आवरण्याआधी स्लीव्हचे (पत्त्यांच्या कव्हरांचे) रंग तपासायचे, ही सवय मात्र फार कामाची ठरली. आपला पत्ता दुसऱ्याच्या डब्यात जात नाही.

आता खरी कटकट. कन्सीड (हार मानणं) कधीही करता येतं आणि ते कुठलाही इफेक्ट अडवू शकत नाही. आपल्या खेळाडूला हरू न देणारी 'प्लॅटिनम एंजल' स्वतःकडे असली तरी माणूस हरतोच. याचा फायदा घेऊन आमच्यातला एक जण डॅमेज लागायच्या क्षणी पत्ते गोळा करायचा. समोरच्याच्या क्रीचरवर 'स्वॉर्ड ऑफ फीस्ट अँड फॅमिन'. डॅमेज बसलं असतं तर हल्ला करणाऱ्याच्या सगळ्या लँड (ऊर्जा देणारे पत्ते) अनटॅप, म्हणजे पुन्हा वापरायला मोकळ्या, झाल्या असत्या. पण गेलेल्या खेळाडूला डॅमेज लावताच येत नाही, म्हणून ट्रिगरही नाही. निव्वळ खुन्नस.

त्यावर घरचा नियम केला: उठायचं तर स्वतःच्या टर्नला, स्टॅक (अंमल व्हायच्या चालींची रांग) रिकामा असताना. खरोखरच घाईने निघावं लागलं, तर चालू कॉम्बॅट संपेपर्यंत तो तिथेच आहे असं धरून ट्रिगर आणि लाइफलिंक (डॅमेजइतकं लाइफ मिळणं) मोजायचं. तेव्हापासून हा प्रकार जवळजवळ थांबलाय. अनोळखी लोकांसोबत बसलं, की हे आधी बोलून घ्यावं लागतं, कारण अधिकृत नियम उठणाऱ्याच्याच बाजूने आहे.