आमवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शन : यकृताच्या दृष्टीने कोणते निवडावे?

आमवाताच्या (रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णाला मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या गोळीने पुरेसा आराम पडेनासा झाला की सांगली-मिरजेचे डॉक्टर बायोलॉजिक इंजेक्शनचा (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणाऱ्या औषधाचा) पर्याय सुचवतात आणि घरी चर्चा सुरू होते ती बहुधा खर्चाची. खर्चाचा विचार करावाच लागतो. परंतु ज्यांचे एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे एंझाइम) आधीच थोडे वाढलेले आहे, ज्यांना सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले आहे किंवा ज्यांना पूर्वी कावीळ होऊन गेली आहे, त्यांनी टीएनएफ-रोधक (सूज वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन अडवणारी औषधे), टोसिलिझुमॅब आणि रिटुक्सिमॅब या तिन्हींची तुलना यकृताच्या बाजूनेही करावी, कारण प्रत्येकाचा धोका निराळा आहे.

टीएनएफ-रोधकांमध्ये एटानरसेप्ट, अडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब ही नावे नेहमी ऐकू येतात. यांच्यामुळे क्वचित प्रसंगी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते आणि औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. आइसलँडमधील, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधामुळे यकृताला इजा होण्याचे प्रमाण इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत सुमारे 120 जणांत एक, अडालिमुमॅबमध्ये 270 जणांत एक आणि एटानरसेप्टमध्ये 430 जणांत एक असे आढळले होते. एवढ्यावरून एटानरसेप्ट उजवे ठरते. क्षयरोग उफाळण्याचा धोकाही या तिघांत त्याचाच कमी असतो.

क्षयरोगाचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. टीएनएफ-रोधक सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि माँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही क्षयरोगाची चाचणी करतात; सुप्त (शरीरात दबून असलेला) क्षयरोग आढळला तर आयसोनियाझिड सहसा 6 महिने घ्यावे लागते आणि या गोळीचा यकृतावर होणारा परिणाम इंजेक्शनपेक्षा कितीतरी अधिक परिचयाचा आहे. सोबत मेथोट्रेक्सेट चालू असेल तर दोन्हींचा भार एकाच वेळी पडतो. म्हणून इंजेक्शन सुरू झाल्यावर एसजीपीटी वाढले, तर दोष इंजेक्शनला देण्याआधी या दोन गोळ्यांकडे पाहावे. त्या काळात मद्य पूर्ण बंद ठेवावे. ‘सणासुदीला थोडी’ ही सवलतही घेऊ नये.

टोसिलिझुमॅबची गोष्ट वेगळी आहे. यकृताच्या पेशींची झीज भरून काढण्यात ज्या आयएल-6 या प्रथिनाचा वाटा असतो, त्याचेच काम हे औषध रोखते. त्यामुळे एंझाइम वाढणे हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे, आणि 2019 साली युरोपातील औषध-नियामकांनी गंभीर यकृत-इजेबद्दल डॉक्टरांना सावधही केले. लॅबच्या रिपोर्टवर एसजीपीटीची वरची मर्यादा 40 छापलेली असेल, तर हिशेब असा बसतो : सुरुवातीलाच आकडा 60 च्या वर असल्यास आमवातासाठी हे औषध सुरू करणे उचित मानत नाहीत, उपचार चालू असताना तो 120 च्या पुढे गेला तर डोस थांबवतात आणि 200 ओलांडले तर औषध बंदच करतात. पहिले 6 महिने दर 4 ते 8 आठवड्यांनी आणि पुढे दर 12 आठवड्यांनी तपासणी लागते. जत किंवा आटपाडीच्या आतल्या गावातून येणाऱ्या रुग्णाने ही तपासणी आपल्याकडून नियमित होईल का, याचे प्रामाणिक उत्तर आधी द्यावे.

रिटुक्सिमॅबमध्ये क्षयरोगाची चिंता कमी असते, त्यामुळे आयसोनियाझिड सहसा टळते. परंतु हिपॅटायटिस बी पुन्हा जागा होण्याचा धोका या तिघांत याचाच सर्वाधिक असून तो जीवघेणा ठरू शकतो. शेवटच्या डोसनंतर दोन वर्षांपर्यंतही असे घडल्याच्या नोंदी आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत हिपॅटायटिस बीचा चालू संसर्ग दाखवणारी एचबीएसएजी असते, पण जुना, दबलेला संसर्ग दाखवणारी अँटी-एचबीसी टोटल ही चाचणी बहुधा नसते. ती नाव घेऊन मागावी. गावाकडे कावीळ झाली की झाडपाल्याचा रस घेऊन मोकळे होण्याची रीत अजून आहे आणि ती कावीळ कोणत्या विषाणूची होती हे कधी तपासलेलेच नसते. अशांनी तर ही चाचणी टाळूच नये. ती पॉझिटिव्ह आली तरी एंटेकॅविर किंवा टेनोफोव्हिर या विषाणूरोधक गोळीच्या संरक्षणाखाली उपचार करता येतात, मात्र ती गोळी रिटुक्सिमॅब संपल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवावी लागते.

माझे मत विचाराल तर, हिपॅटायटिसच्या चाचण्या निगेटिव्ह आणि सुप्त क्षयरोग नसलेल्या रुग्णाने डॉक्टरांशी बोलताना एटानरसेप्टचा विषय आधी काढावा. एसजीपीटी सतत वाढलेले राहणाऱ्याने टोसिलिझुमॅब शेवटी ठेवावे. आयसोनियाझिड सोसणार नाही अशा रुग्णाला, अँटी-एचबीसी निगेटिव्ह असल्यास, रिटुक्सिमॅब सोयीचे पडू शकते.

सांगलीची हळद आमटी-भाजीत आहे तशीच राहू द्यावी. मिरीचा अर्क घालून तीव्र केलेल्या हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेलीचे काढे मात्र या औषधांसोबत घेऊ नयेत, कारण दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही जाणवले तर पुढचे इंजेक्शन न घेता लगेच एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करून डॉक्टरांना दाखवावी.