ओल छताची, पाईपाची की जमिनीची? कोणाला आधी बोलवायचं

नागपुरात पहिला मोठा पाऊस पडला की लोक सरळ वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लावतात, आम्हीपण तेच केलं होतं. मानेवाड्याच्या घरी हॉलच्या छताला डाग आला, ठेकेदाराने पाच मिनिटं गच्ची पाहिली, सगळीकडे केमिकल मारून पैसे घेऊन गेला, अन् पुढच्या एप्रिलमध्ये पावसाचा थेंब नाही तरी तोच डाग परत ओला. टाकीचा पाईप जिथे स्लॅबमध्ये शिरतो तिथला जॉइंट गळत होता, पाणी स्लॅबच्या आतून सरकत सात-आठ फूट लांब येऊन टपकत होतं. म्हणून सांगते, ओल कुठे दिसते त्यापेक्षा कधी दिसते ते आधी बघा.

फक्त पावसात येते आणि उघडीप मिळाली की सुकायला लागते, तर गच्ची, पॅरापेट (गच्चीच्या कडेची कठड्याची भिंत) किंवा खिडकीवरचा सज्जा. बारा महिने सारखीच असेल तर पाईप नाहीतर बाथरूम. फक्त एप्रिल-मेमध्ये, खिडकीच्या आसपास, तर कूलर बघा बरं, जाळीतून उडणारं पाणी रोज भिंतीवर पडतं आणि आपल्याकडे कोणी तिकडे पाहतच नाही. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांतच पोपडे आणि पांढरी खार फुटली असेल तर ती जमिनीतून चढलेली ओल, तिथे गच्चीवर कितीही खर्च करा, काही फरक पडत नाही.

आता टेस्ट. पाईपची सगळ्यात सोपी आणि फुकट: रात्री टाकी भरा, येणारं पाणी बंद करा, आत पाण्याच्या रेषेवर खूण करा, सकाळपर्यंत कोणी नळ उघडायचा नाही. पातळी उतरली तर आधी फ्लशची टाकी गळत नाही ना ते पाहा, मग प्लंबर.

गच्चीसाठी पाणी जाण्याचं तोंड बंद करून दोन इंच पाणी 24 ते 48 तास ठेवतात. खात्रीची टेस्ट आहे, पण दहा बाय दहाच्या जागेवर तेवढं पाणी म्हणजे पावणेपाचशे किलोच्या आसपास वजन होतं, खालून सळया दिसत असतील तर अजिबात करू नका. आणि यात पॅरापेट तपासला जात नाही. आपल्या 45 डिग्रीच्या उन्हात स्लॅब फुगतो-आकसतो, भेग पडते ती बरेचदा पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यालाच, तिथे नळीने पाणी मारून बघावं लागतं, खालून सुरू करून हळूहळू वर.

मशीनवाले येतात त्यांचं काय? मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, खार असलेल्या भिंतीवर जास्तच आकडा दाखवतो, आणि थर्मल कॅमेरा पाणी नाही, तापमानातला फरक दाखवतो. लपलेला पाईप शोधायला मदत होते हे खरं, पण तोडफोड करायची वेळ आली तेव्हाच पैसे घाला.

माझं मत विचाराल तर टाकीची टेस्ट आजच रात्री, गच्चीची मे संपायच्या आत, कारण वॉटरप्रूफिंगची बरीच कोटिंग सुक्या स्लॅबवरच नीट बसतात. आणि डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहून ठेवा, कारागीर पैसे मागायला येईल तेव्हा डाग रेघेच्या बाहेर गेला की नाही ते दोघांनाही तिथेच दिसतं.