सायकलचं हँडल पोटात लागलं: लगेच ऑपरेशन की वाट पाहायची?

मूल सायकलवरून पडतं आणि हँडलचं टोक बेंबीच्या वर रुततं. हँडलची रबरी मूठ निघालेली असेल तर पोटावर गोल वळ उठतो. मूल थोडं रडतं, पुन्हा खेळायला पळतं, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात. तो वळ पाहिला की माझ्या छातीत धस्स होतं. तिथेच मणक्यावर स्वादुपिंड आडवं पसरलेलं असतं, ते हँडल आणि मणक्याच्या मध्ये चिरडतं.

पहिल्या काही तासांत रक्तातलं अमायलेज (स्वादुपिंडाला इजा झाली की वाढणारं पाचकद्रव्य) आणि सीटी स्कॅन दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. दुखणं वाढत असेल तर त्या रिपोर्टवर विसंबू नका, पुन्हा तपासायला सांगा. डॉक्टरांना मुख्य प्रश्न विचारायचा तो हा: स्वादुपिंडाची पाचक रस वाहून नेणारी मधली नळी शाबूत आहे का? सीटीत नीट कळलं नाही तर एमआरसीपी, म्हणजे या नळीचा एमआरआय, करतात.

नळी शाबूत असेल तर सहसा ऑपरेशन लागत नाही. खरी ओढाताण होते ती नळी तुटलेली असताना, आणि त्यावर सर्जन मंडळींचंही एकमत नाही.

तूट स्वादुपिंडाच्या शेपटीकडे, म्हणजे डाव्या निमुळत्या टोकाकडे, असेल तर तेवढा भाग काढून टाकता येतो. मूल लवकर खायला लागतं, लवकर घरी जातं. उरलेलं स्वादुपिंड सहसा पुरतं. पण ऑपरेशन मोठं आहे. प्लीहा वाचवायचा प्रयत्न असतो, तरी कधी ती काढावी लागते, मग न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी चुकवून चालत नाही.

थांबलं तर पोट उघडावं लागत नाही, आणि बरीच मुलं अशीच बरी होतात. मात्र गळलेला रस साठून गाठ होऊ शकते, ती नळी घालून रिकामी करावी लागते. कित्येक आठवडे नाकातून आतड्यात सोडलेल्या नळीवर किंवा शिरेतून पोषण द्यावं लागू शकतं. घरच्यांचा धीर सुटतो तो इथे.

माझं मत विचाराल तर, तूट शेपटीकडे स्पष्ट दिसतेय, पहिले दोन दिवस उलटलेले नाहीत आणि अनुभवी बालशल्यचिकित्सक हाताशी आहेत, तर ऑपरेशन करून घ्यावं. उशीर होऊन आत सूज चढली असेल तर थांबणंच बरं. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची, म्हणजे उजव्या जाड टोकाकडची, तूट असेल तर मी घाई करणार नाही, कारण पित्तनलिका आणि लहान आतड्याचा पहिला भाग तिथेच चिकटलेले असतात. तिथे निचऱ्याची नळी आणि जमल्यास दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे तुटलेल्या नळीत बसवायची बारीक नळी.

त्याच आतड्याच्या भिंतीत नुसतं रक्त साकळलं असेल तर पोटात नळी ठेवून थांबतात, बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत वाट मोकळी होते. आतडं फाटलं असेल तर मात्र तुलनेचा प्रश्नच नाही, त्याच दिवशी शिवायला हवं.

जिथे एमआरसीपी नाही, लहान मुलांचे सर्जन नाहीत, तिथून मूल स्थिर असतानाच हलवा. सोबत सीटीची सीडी न्या, नुसता कागदी रिपोर्ट नको. पुढच्या सर्जनला स्वादुपिंडाची ती नळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असते.