घरच्या फोटो-व्हिडिओंसाठी स्वस्तातली हार्ड डिस्क: कोणती घ्यावी, कोणती टाळावी

लग्नाची ऑर्डर घेताना फोटोग्राफर हल्ली सरळ सांगतात, "एक हार्ड डिस्क आणून द्या, सगळा डेटा त्यात टाकून देतो." बऱ्याच घरांत पहिली हार्ड डिस्क येते ती अशी. बाकीच्या घरांत मोबाईल भरला म्हणून येते. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली. आता मिळणाऱ्या 15 जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांनाही भागवावं लागतं. त्यामुळे महिन्याला पैसे भरायचे नसतील तर घरात एक डिस्क हवीच.

दुकानात विचारलं की चर्चा वेगावर सुरू होते. माझ्या मते घरच्या साठवणीसाठी वेग ही सगळ्यात शेवटची गोष्ट. पहिला प्रश्न हा, की ही डिस्क बंद पडली तर काय होईल? कारण कधी ना कधी ती बंद पडतेच. या प्रश्नाच्या कसोटीवर बाजारातला माल तपासला की बरीचशी निवड आपोआप होते.

फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत: वेस्टर्न डिजिटल म्हणजे डब्ल्यूडी, सीगेट आणि तोशिबा. खोक्यावर ट्रान्सेंड लिहिलेलं असो की एडाटा, आतली तबकडी या तिघांपैकीच कुणाची तरी असते. लासी तर सीगेटच्याच मालकीची आहे. तेव्हा अनोळखी नावाच्या मोहात न पडता या तिघांचे साधे मॉडेल समोरासमोर ठेवावेत: डब्ल्यूडी एलिमेंट्स, सीगेट एक्स्पान्शन आणि तोशिबा कॅन्व्हिओ बेसिक्स. किंचित महागात डब्ल्यूडी माय पासपोर्ट आणि सीगेट वन टच.

खिशात मावणाऱ्या डिस्क

वेगात या पाचांमध्ये निवडण्यासारखं काही नाही. सगळ्यांच्या आत 2.5 इंची डिस्क, सगळ्या यूएसबीवरच वीज घेतात आणि मोठी फाइल साधारण सेकंदाला 100 ते 130 एमबीने उतरवतात. म्हणजे 500 जीबीला दीड तासाच्या आसपास. तीच डिस्क जुन्या यूएसबी 2.0 पोर्टला लावली तर चार तास मोजा. डिस्क मंद वाटली की आधी पोर्ट पाहा, निळ्या जिभेचा पोर्ट असेल तर तो बहुधा 3.0 असतो.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. आजच्या 2.5 इंची डिस्कपैकी बहुतेक "एसएमआर" पद्धतीच्या असतात. यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून मांडलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं इथे जुन्यावर नवं लिहिताना आजूबाजूच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. म्हणून सलग मोठी कॉपी टाकली की थोड्या वेळाने वेग अचानक गळतो. डिस्क बिघडली म्हणून घाबरू नका, तिला तिचं काम करू द्या. वर्षातून चारदा फोटो टाकून ठेवणाऱ्याला याचा काही त्रास नाही. रोज व्हिडिओ एडिट करणाऱ्याने मात्र अशा डिस्कवर काम करू नये.

खरा फरक आतल्या बांधणीत आहे. डब्ल्यूडीच्या बहुतेक 2.5 इंची डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच जोडलेलं असतं. तोशिबाच्याही बऱ्याच मॉडेलमध्ये तसंच. सीगेटमध्ये सहसा आत लॅपटॉपमधली साधी साटा (कॉम्प्युटरच्या आतल्या नेहमीच्या जोडणीची) डिस्क असते आणि तिच्या टोकाला यूएसबीची छोटी पट्टी खोचलेली असते. घरात सगळ्यात आधी हलतं ते हेच सॉकेट. केबल लावलेली असताना कुणाचा तरी पाय अडकतो, पिन वाकडी होते, आणि डिस्क दिसेनाशी होते. अशा वेळी सीगेटची पट्टी काढून डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये घालता येते आणि बहुतेकदा डेटा तसाच मिळतो. केस उघडली की वॉरंटी जाते, पण तेव्हा वॉरंटीपेक्षा आत काय आहे ते महत्त्वाचं असतं. डब्ल्यूडीच्या बोर्डावरचं सॉकेट तुटलं तर बारीक सोल्डरिंग येणाऱ्या माणसाला गाठावं लागतं.

माय पासपोर्टला पासवर्डची सोय आहे आणि ती हार्डवेअरमध्येच आहे. डिस्क प्रवासात हरवली तर कुणाला आतलं काही वाचता येणार नाही, ही तिची जमेची बाजू. पण पासवर्ड विसरलात तर कंपनीही डेटा काढून देत नाही. आईबाबांच्या कपाटात राहणाऱ्या डिस्कला पासवर्ड कशाला? दहा वर्षांनी तो कुणाला आठवणार आहे? घरच्यासाठी मी एलिमेंट्स सुचवेन, माय पासपोर्ट नाही. आधार-पॅनच्या प्रती, प्रॉपर्टीचे कागद, बँकेची स्टेटमेंट ठेवायची असतील तर तेवढ्यांचं वेगळं पासवर्डवालं झिप फोल्डर करा आणि पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

वॉरंटी भारतात या डिस्कवर सहसा 3 वर्षांची असते. तिचा अर्थ नीट समजून घ्या: बिघडली तर दुसरी डिस्क मिळेल, आतले फोटो मिळणार नाहीत. सीगेटच्या बऱ्याच मॉडेलच्या खोक्यावर "डेटा रिकव्हरी सर्व्हिसेस" असं छापलेलं असतं. या सेवेत बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढायचा प्रयत्न कंपनी करते. यश मिळेलच असं नाही, पण बाहेरच्या लॅबमध्ये याच कामाचे पैसे डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट जातात. त्यामुळे किंमत सारखी असेल तर माझं पारडं सीगेटकडे झुकतं: बांधणी आणि ही सेवा, दोन्हींमुळे. घेतल्यावर कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून नोंदणी करा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा.

एसएसडी घ्यावी का?

एसएसडीत, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं, त्यामुळे हातातून पडली तरी सहसा वाचते. वेगही कितीतरी पट जास्त. रोज बॅगेतून नेणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा फोटोग्राफरला तीच घ्यावी. पण तेवढ्याच पैशांत जागा खूप कमी मिळते, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहायला ती बनलेली नाही. तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि वीज न मिळता, त्यातही उष्ण जागी, बराच काळ पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. वापरून झिजलेल्या घरगुती एसएसडीसाठी उद्योगाचं मानकसुद्धा 30 अंश तापमानात विजेविना एका वर्षाचीच अपेक्षा धरतं. नवी डिस्क यापेक्षा पुष्कळ टिकते. तरी विदर्भातल्या उन्हाळ्यात माळ्यावर टाकून विसरून जायची ती वस्तू नव्हे.

3.5 इंची मोठ्या डेस्कटॉप डिस्कला दर टीबीमागे भाव चांगला पडतो, पण विजेसाठी वेगळा अडॅप्टर लागतो. वीज गेली की चालू कॉपी तिथेच थांबते. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसलेल्या घरात मी ती घेणार नाही.

स्वस्तातला एक चांगला मार्ग मात्र विसरला जातो. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवून घेतलीत तर काढलेली हार्ड डिस्क दुकानदाराकडून मागून घ्या आणि काहीशे रुपयांच्या साटा-यूएसबी केसिंगमध्ये घाला. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून तब्येत पाहा. ते पिवळा किंवा लाल रंग दाखवत असेल तर तिच्यावर काही ठेवू नका. निळा असेल तर दुसरी प्रत ठेवायला ती उत्तम. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत वापरलेल्या डिस्क स्वस्तात मिळतात, पण सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून (रेकॉर्डिंगच्या डब्यातून) काढलेली डिस्क रात्रंदिवस चाललेली असते. कितीही स्वस्त मिळाली तरी घरच्या फोटोंसाठी ती नको.

1, 2 की 5 टीबी?

किमतीला टीबीने भागून पाहा. 1 टीबीची डिस्क नेहमीच महाग पडते, कारण डबा, मोटर, बोर्ड यांचा खर्च तोच असतो. 2 टीबीपाशी हिशेब जमतो. ती विंडोजमध्ये 1.81 टीबी दिसेल. यात फसवणूक नाही: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. 4-5 टीबीच्या डिस्क जाड असतात, आणि एवढं सगळं एकाच डब्यात ठेवायला मन धजावत नाही. तेवढ्या पैशांत 2 टीबीच्या दोन घ्या.

ऑनलाइन हजार-दीड हजारात "16 टीबी एसएसडी" दिसली तर ती खोटी आहे. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि त्याने कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगायची अशी व्यवस्था केलेली असते. सुरुवातीच्या फाइल नीट उतरतात, पुढच्या फाइल नुसत्या नावापुरत्या राहतात. शंका आली तर एच2टेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर चालवा, ते पूर्ण जागा भरून पुन्हा वाचून तपासतं.

तर माझी शिफारस अशी. पैसे असतील तर सीगेट एक्स्पान्शन 2 टीबी आणि डब्ल्यूडी एलिमेंट्स 2 टीबी, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोन्हींत येणार नाही. दोन्हींवर तेच फोटो. एक तुमच्याकडे, दुसरी बहिणीकडे किंवा गावच्या घरी, आणि दिवाळीला गेलात की नवे फोटो भरून पुन्हा तिथेच. कोकणात ठेवणार असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट. एवढे पैसे नसतील तर एक सीगेट आणि केसिंगमधली जुनी लॅपटॉप डिस्क.

फक्त विंडोज वापरत असाल तर डिस्क एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइल मांडायची विंडोजची पद्धत) फॉरमॅट करा. घरात मॅकही असेल तर एक्सफॅट ही दोघांनाही चालणारी पद्धत, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. जुना टीव्ही कदाचित एक्सफॅट ओळखणार नाही, तेव्हा डिस्क भरायच्या आधी टीव्हीला एकदा लावून पाहा. एक्सफॅटवर इजेक्ट न करता केबल ओढायची सवय जास्त महागात पडते. आणि चालू डिस्क आडवी, टेबलाच्या कडेपासून लांब ठेवा, तिचा दिवा लुकलुकत असेतो हलवू नका.