‘हायब्रिड स्पेशल’ ऑइलच्या नावाखाली माझ्या गाडीत काय ओतलं गेलं

“ताई, हात लावून बघा. पाणी झालंय पाणी. या ऑइलमध्ये आता जीवच राहिलेला नाही.”

मेकॅनिकने डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, माझ्यासमोर धरली होती. मी बोट लावलं, चोळून पाहिलं. तेल काळपट होतं आणि खरंच पातळ होतं. आमच्या आधीच्या जुन्या गाडीचं ऑइल हाताला चांगलं दाट लागायचं, त्यामुळे त्याचं म्हणणं मला लगेच पटलं. माझी फसवणूक तिथेच झाली होती. नंतर घडलं ते सगळं त्या एका ‘हो ना, खरंच की’ मुळे घडलं.

गाडी पेट्रोल हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, तीन वर्षं वापरलेली. नेहमीच्या ठिकाणी वेळ मिळेना म्हणून मी एका नव्या वर्कशॉपमध्ये फक्त ऑइल आणि फिल्टर बदलायला नेली होती. तिथे मला सांगण्यात आलं की हायब्रिड गाडीला साधं इंजिन ऑइल चालत नाही. आत मोठ्या व्होल्टेजची मोटर असते, साध्या तेलातून करंट उतरला तर मोटर जळते, आणि मोटर जळली की बॅटरीही जाते. वरून हे इंजिन सारखं बंद-चालू होतं, म्हणून त्याला ‘जाड थर’ धरणारं तेल लागतं. समोर एक चकचकीत कॅन ठेवला गेला. त्यावर हिरव्या अक्षरांत ‘हायब्रिड’ आणि शेजारी विजेच्या बाणाचं चित्र. मी कॅनचा फोटो काढला, घरी दाखवायला म्हणून. तो फोटो पुढे असा उपयोगी पडेल असं तेव्हा मनातही नव्हतं.

मी हो म्हटलं. सोबत इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणं, आणि ‘मोटर प्रोटेक्शन’ नावाची एक छोटी बाटलीही गळ्यात पडली. बिल नेहमीच्या अडीचपट झालं. मला आत बसायला सांगितलं, गाडी रॅम्पवर गेली, आणि तेल ओतताना मी तिथे नव्हते. बिलावर लिहिलं होतं ‘हायब्रिड सिंथेटिक ऑइल’. ग्रेड नाही, कंपनीचं नाव नाही, किती लिटर तेही नाही.

पुढच्या काही आठवड्यांत दोन गोष्टी खटकू लागल्या. मी प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरते आणि किलोमीटर लिहून ठेवते. २४ च्या आसपास मिळणारं ऍव्हरेज २२ च्या वर जाईना. आणि इंजिन बंद असताना गाडी मोटरवर चालते, मग मध्येच इंजिन जागं होतं, तो क्षण पूर्वी जाणवायचाही नाही. आता तिथे एक हलकी थरथर येऊ लागली. ऍव्हरेज कमी होण्याची कारणं बरीच असतात. टायरमधली हवा, एसी, थंडी, रस्त्यावरची गर्दी. हवा तपासली, ठीक होती. तरीही मी ऑइलवर संशय घेतला नव्हता. उलट घरी सांगत होते, एवढं महागाचं ऑइल घातलंय, निदान ती काळजी मिटली.

संशय घेतला तो माझ्या मावसभावाने. तो मेकॅनिक नाही, पण यंत्रांशी त्याचा रोजचा संबंध आहे. त्याने बॉनेट उघडलं, ऑइल भरायच्या तोंडावरचं काळं झाकण फिरवून काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. “वाच.”

झाकणावर ठसठशीत उमटवलेलं होतं: ०डब्ल्यू-२०.

तीन वर्षं ते झाकण माझ्याच गाडीत होतं. मग मॅन्युअल काढलं. तिथेही तेच: एसएई ०डब्ल्यू-२०, आणि एपीआयचा दर्जा अमुक किंवा त्याहून वरचा. एसएई हे तेलाच्या दाटपणाचे ग्रेड ठरवणारी संस्था, एपीआय ही तेलाचा दर्जा ठरवणारी. ‘हायब्रिड ऑइल’ असा शब्द त्या पानावर कुठेही नव्हता. शिवाय इंजिन ऑइलमध्ये बाहेरचं कोणतंही ऍडिटिव्ह, म्हणजे वरून मिसळायचं रसायन, घालू नका, अशी स्पष्ट सूचना होती.

त्या आकड्यांचा अर्थ मी तेव्हा पहिल्यांदा नीट समजून घेतला. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो. ०डब्ल्यूच्या तेलाची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाचा. दाटपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात; २० ग्रेडचं तेल १०० अंश सेल्सियसला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्समध्ये बसतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे माझ्या गाडीत असायला हवं होतं तेच तेल हाताला पातळ लागणार. कोरं करकरीत कॅन फोडून बोटावर घेतलं तरी ते पातळच लागलं असतं. ‘पाणी झालंय’ हा त्या माणसाचा सगळ्यात हुशार डाव होता, कारण त्याने मला दाखवलेली गोष्ट खरी होती आणि तिचा लावलेला अर्थ खोटा.

नुसत्या संशयावर भांडायला जायचं नाही, असं ठरवलं. दुसऱ्या एका अनुभवी मेकॅनिककडे गाडी नेली. त्यांनी ऑइल गरम असताना ड्रेन बोल्ट उघडला, सुरुवातीची धार जाऊ दिली आणि मधल्या धारेतून एका कोरड्या, स्वच्छ बाटलीत नमुना घेतला. सुरुवातीच्या धारेत तळाचा गाळ येतो, म्हणून ती घ्यायची नाही. वापरलेल्या तेलाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा असतात. ट्रक, जनरेटर, जहाजं यांच्या इंजिनांसाठी हे नेहमीचं काम आहे, मोटारवाले मात्र क्वचितच त्यांच्याकडे जातात.

रिपोर्ट आला. १०० अंशांना १३.४ सेंटिस्टोक्स, म्हणजे चक्क ४० ग्रेड. ४० अंशांना ९१. ही दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. ०डब्ल्यू-२० तेल ४० अंशांना साधारण चाळीसच्या आसपास भरतं. माझ्या इंजिनात त्याच्या दुपटीहून दाट तेल फिरत होतं. साध्या गाडीचं इंजिन एकदा तापलं की तापलेलंच राहतं. हायब्रिडचं तसं नाही. ते मध्येच बंद होतं, कोमट होतं, पुन्हा चालू होतं. छोट्या छोट्या फेऱ्यांत तर तेल पुरतं तापतच नाही. त्यामुळे कोमट तेल किती सहज वाहतं, याला इथे फार महत्त्व. ‘सारखं बंद-चालू होतं म्हणून जाड तेल’ हे जे मला सांगितलं, ते बरोबर उलटं होतं.

फॉस्फरस १,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भागांच्या) वर निघाला. ०डब्ल्यू-२० तेलं आयएलसॅक या मोटार कंपन्यांच्या समितीच्या जीएफ-६ सारख्या दर्जांखाली येतात, त्यांत तो ६०० ते ८०० पीपीएमच्या दरम्यान ठेवलेला असतो, कारण जळणाऱ्या तेलातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) हळूहळू निकामी करतो. रिपोर्ट पाहून मेकॅनिककाका म्हणाले, “हे बॅरलमधलं सुटं १०डब्ल्यू-४० दिसतंय. कॅन फक्त दाखवायला असणार.” कॅनमध्येच ते होतं की बॅरलमधून आलं, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कॅनच्या दर्शनी भागावर एसएईचा आकडा नव्हता, एपीआयचं गोल चिन्हही नव्हतं.

काकांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे सांगायलाच हवी, नाहीतर माझ्यासारख्या रागावलेल्या माणसाकडून अतिशयोक्ती होते. “घाबरू नका, इंजिन गेलेलं नाही. चार-दोन हजार किलोमीटर जाड तेलावर चाललं म्हणून लगेच काही मोडत नाही.” तेच खरं आहे. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर नेमून दिलेलं तेल मिळालंच नाही तर तात्पुरतं ५डब्ल्यू-३० चालेल, पुढच्या वेळी पुन्हा मूळ ग्रेड घाला, असंही लिहिलेलं असतं. माझं नुकसान झालं ते पैशांचं, पेट्रोलचं आणि विश्वासाचं. वर्षानुवर्षं तेच तेल घालत राहिले असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

मोटर जळण्याची भीती कशी दाखवली तेही सांगते, कारण बाकीच्यांनाही तीच दाखवली जाते. माझ्या गाडीसारख्या बहुतेक हायब्रिडमध्ये इलेक्ट्रिक मोटर ट्रान्सऍक्सलच्या, म्हणजे गिअरच्या, पेटीत असते. त्या पेटीचं तेल वेगळं, भरायची जागा वेगळी, बदलायचा काळ वेगळा. इंजिन ऑइल तिथे पोहोचतच नाही. आणि हायब्रिड काही कालपरवाचं तंत्र नाही. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आली. तिची दुसरी पिढी साध्या ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइलवर लाखो लोकांनी चालवली. पातळ ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ ही तेलं इंधन वाचवण्यासाठी आली, आणि ती बिगर-हायब्रिड गाड्यांतही वापरतात.

‘हायब्रिड’ असं छापलेलं प्रत्येक तेल खोटं असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. कमी तापणाऱ्या इंजिनात पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात साठत जातं, ही अडचण खरी आहे, आणि ती लक्षात घेऊन काही कंपन्या तेल बनवतात. पण एपीआयच्या दर्जांमध्ये हायब्रिड नावाचा वेगळा वर्ग नाही. त्या शब्दामागे एसएईचा आकडा आणि मॅन्युअलमध्ये मागितलेला दर्जा उभा असला तर तेल घ्यावं. या साठणाऱ्या पाण्यामुळेच हायब्रिडचं ऑइल नुसतं किलोमीटर मोजून बदलू नये. गाडी कमी चालली तरी मॅन्युअलमधले महिने भरले की बदलावं.

एपीआयच्या चिन्हाबद्दल थोडं. ते वळ्यासारखं गोल असतं. वरच्या कमानीत दर्जा, जसं एसपी, जो २०२० च्या मे महिन्यात सुरू झाला. मधोमध एसएईचा ग्रेड. परवाना घेतलेल्या तेलांची यादी एपीआय सगळ्यांसाठी खुली ठेवते, तिथे कॅनवरचं नाव शोधता येतं. युरोपीय बनावटीच्या गाड्या असीआच्या (युरोपातल्या मोटार कंपन्यांच्या संघटनेच्या) दर्जांवर आणि गाडीच्या कंपनीच्या मंजुरीवर जातात, तेव्हा त्यांच्या तेलावर हे गोल चिन्ह नसलं म्हणजे लबाडीच, असं नाही.

मी रिपोर्ट घेऊन त्या वर्कशॉपमध्ये गेले. मालक आधी म्हणाले, मशीनचे रिपोर्ट चुकतात. मग म्हणाले, हा नमुना आमच्याच तेलाचा कशावरून? दुसऱ्याकडे गाडी उघडलीत, त्याने काय भरलं आम्हाला काय माहीत? माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. बिलावर ग्रेड नव्हता, ओतताना मी पाहिलं नव्हतं, उरलेलं तेल मागून घेतलं नव्हतं, आणि नमुना त्यांच्यासमोर काढलेला नव्हता. मी खरी होते आणि तरी माझ्या हातात काही नव्हतं. फ्लशचे आणि त्या छोट्या बाटलीचे पैसे परत मिळाले, तेही मी मॅन्युअलचं पान पुढे ठेवल्यावर. ऑइलचे मिळाले नाहीत. घरी येईपर्यंत मला रडू आवरत नव्हतं, आणि ते पैशांमुळे नव्हतं.

या सगळ्यातून मी दुसऱ्या टोकाला जाण्याच्या बेतात होते. कुणी ‘हायब्रिडला वेगळं लागतं’ म्हटलं की त्याला लबाड ठरवायचं. काकांनी तिथेही थांबवलं. बऱ्याच हायब्रिड गाड्यांच्या एसीचा कंप्रेसर बेल्टवर नाही, मोठ्या व्होल्टेजच्या विजेवर चालतो. त्याची मोटर गॅससोबत फिरणाऱ्या तेलातच असते, म्हणून तिथे वीज न वाहू देणारं खास एस्टर तेलच लागतं. साध्या गाड्यांच्या एसीत नेहमी असतं ते पॅग तेल थोडंसं जरी त्यात गेलं तरी इन्सुलेशन बिघडू शकतं. म्हणजे मला इंजिनाबद्दल दाखवलेली भीती एसीच्या बाबतीत खरी आहे. तेव्हा एसीचा गॅस भरायला गेलात, तर गॅस भरायच्या यंत्रात आधी कोणतं तेल होतं हे विचारायला संकोच करू नका, आणि गळती शोधण्यासाठी कुणी चमकणारा रंग घालू लागला तर तोही कंप्रेसरला चालणारा आहे का ते विचारा.

काही दिवसांपूर्वी पुन्हा ऑइल बदललं. ऍव्हरेज तेवीसच्या वर गेलं आहे, थरथर गेली आहे. या वेळी मी रॅम्पशेजारी उभी होते. कॅनचं सील माझ्यासमोर फुटलं. बिलावर ग्रेड, दर्जा आणि लिटर लिहून घेतले. ओतून झाल्यावर गाडी सपाट जागी आणून, थोडं थांबून, डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे हे पाहिलं. कॅनमध्ये थोडं तेल उरलं होतं. ते एका छोट्या बाटलीत भरून घेतलं. बाटलीवर तारीख, किलोमीटर आणि कॅनवरचा बॅच नंबर लिहिला आहे. पुढचं ऑइल बदलेपर्यंत ती माझ्या कपाटात राहील.