कडुनिंब तेलाचं किट, पावसाळा ते संक्रांत: तेलाला चार तारे, पिचकारीला अर्धा

काल सकाळी खटका हातात आला. पिचकारीचं लाल हँडल मोडून बोटातच राहिलं आणि आतली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. म्हणून आज लिहायला बसले. घरातल्या झाडांवरची कीड मारायचं हे किट बहुतेकांच्या ओळखीचं आहे: 100 मिली तेल, त्यातच साबण मिसळलेला, अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं किडीला मारक द्रव्य) 1500 पीपीएम, सोबत अर्ध्या लिटरची पिचकारी. मी 449 रुपयांना घेतलं. नुसत्या तेलाचं रिफिल 180 ला मिळतं, म्हणजे उरलेले पैसे या पिचकारीचे होते हे लक्षात ठेवा.

माझ्याकडे दोन ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली शोभेची झाडं आहेत. लाल तुऱ्याची गुझमानिया आणि चंदेरी पट्ट्यांची एक्मिया फॅसिआटा. पावसाळ्यात गुझमानियाच्या पानांखाली पांढुरक्या गोल टिकल्या दिसायला लागल्या, वरच्या बाजूला त्याच जागी पिवळे डाग. ही खवले कीड. एक्मियाच्या बुंध्याशी कापूस चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण, आणि त्याच्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग. पुण्यातल्या दमट हवेत, खिडक्या बंद, दोघांची चैन चालली होती.

आता पिचकारीबद्दल. आतली नळी तळापर्यंत पोचत नाही. बाटलीच्या बुडाशी बोटभर द्रावण कायम शिल्लक राहतं. तेही बाटली सरळ धरली तर. पण ही कीड बसते पानाच्या खाली आणि पानांच्या बेचक्यात. तिथे फवारायचं तर बाटली तिरकी करावीच लागते, की नळी हवेत आणि पिचकारी नुसती फुसफुस करते. उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवावं म्हटलं तर तेही नाही, कारण पाण्यात मिसळलेलं कडुनिंब तेल त्याच दिवशी वापरायचं असतं, नंतर त्यातला दम जातो. म्हणजे दर वेळी शंभर मिली मोरीत. लिटरला 5 मिली या मापाने त्यात तेल असतं अर्धा मिली, रिफिलच्या भावाने नव्वद पैसे. नवरा म्हणतो, नव्वद पैशांसाठी किती बोलशील? प्रश्न नव्वद पैशांचा नाही. नळी दोन सेंटिमीटर लांब कापायला कंपनीला किती खर्च येणार होता?

कस्टमर केअरला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'मॅडम, कृपया बाटली सरळ धरून वापरा.' मी लिहिलं, कीड पानाखाली आहे. पुन्हा तेच उत्तर, या वेळी शेवटी हसरा चेहरा. ॲपवर एक तारा देऊन टाकला.

महिन्याभराने तो तीनवर नेला, कारण गुझमानिया खरोखर सुधारली. लेबलवर '24 तासांत परिणाम' छापलंय, त्यावर जाऊ नका. तेलाचा थर किडीचा श्वास कोंडतो, तेवढं लगेच होतं. अझाडिरॅक्टिन मात्र तिचं कात टाकणं बिघडवतं, खाणं बंद पाडतं, त्याला वेळ लागतो. शिवाय खवल्याखाली अंडी सुरक्षित असतात. पिल्लं बाहेर पडून चालू लागतात तेवढ्याच काळात ती उघडी सापडतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारायचं आणि असं तीन-चार वेळा. मेलेली खवले कीडही पानाला चिकटूनच राहते, त्यामुळे 'काही फरक नाही' अशा तक्रारी करणाऱ्यांनी आधी नखाने खरवडून बघावं. कोरडा भुगा निघाला तर मेलेली, ओलसर पिवळं काही निघालं तर जिवंत. पिवळे डाग जात नाहीत, त्याची वाट बघू नका.

एक्मियाची गोष्ट वेगळी. चंदेरी पट्टे म्हणजे रंग नव्हे, पानावरचे पापुद्र्यासारखे बारीक शल्क आहेत, त्यांतूनच हे झाड हवेतलं आणि पानावरचं पाणी शोषतं. तेलाने ते बुजतात, पुसलं की निघून येतात, आणि त्या पानावर परत येत नाहीत. दुसऱ्या फवारणीनंतर माझी दोन पानं साधी हिरवी, तेलकट झाली. लेबलवर लिहिलंय 'सर्व इनडोअर झाडांसाठी सुरक्षित'. सर्व! किटवर एक ओळ छापली असती, चंदेरी किंवा लव असलेल्या पानांवर नको, तर काय बिघडलं असतं? तीनचे दोन तारे झाले.

इथे आमचे दीर कामी आले. निफाडला त्यांची द्राक्षबाग आहे आणि पिठ्या ढेकणाशी त्यांचं जुनं वैर. फोनवर म्हणाले, 'वहिनी, आम्ही आधी ओलांड्याची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांची सुटी साल काढतो, मग फवारतो. लपायला जागा आहे तोवर औषध वाया.' मग हसत म्हणाले, 'नाहीतर क्रिप्टोलेमस पाठवू का?' हा भुंगेरा पिठ्या ढेकूण फस्त करतो, 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला. आमच्या फ्लॅटमध्ये तो पहिल्या मिनिटाला खिडकीतून गेला असता.

सालीचा सल्ला मात्र चोख निघाला. एक्मियाची खालची वाळलेली पानं ओढून काढली, तर खाली पिठ्याची अख्खी वसाहत. कोरोनात आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, 70 टक्के, घरात पडूनच होतं. कानकाडीला लावून एकेकावर टेकवलं. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं, नाहीतर चंदेरी पुन्हा जाते. आधी एका पानाच्या टोकावर लावून दोन दिवस बघितलं. मुंग्यांसाठी कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली. पिठ्या आटोक्यात आला, फुकटात.

ब्रोमेलियाडच्या मधोमध पानांचा कप होतो आणि त्यात पाणी साठतं, त्याबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून सांगते. फवारण्याआधी कुंडी कलंडवून कप रिकामा करा आणि नंतर साध्या पाण्याने धुवा, साबण-तेल तिथे साचून गाभा कुजू देऊ नका. एरवीही आठवड्याला पाणी बदलाच. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि पालिकेची माणसं गॅलरीतल्या कुंड्या बघायला येतात तेव्हा 'शोभेचं झाड आहे' ऐकून घेत नाहीत.

थंडीत तेल बाटलीत थिजतं. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की सैल होतं, तो दोष धरू नका. वास दिवसभर राहतो. सासूबाईंची हरकत पहिल्या दिवसापासून आहे आणि ती रास्त आहे.

तेलाला चार तारे देते, फक्त गुझमानियासारख्या गुळगुळीत पानांसाठी. एक्मिया किंवा टिलँडसिया (हेही चंदेरी शल्कांचं ब्रोमेलियाड) असेल तर किट घेऊच नका, कानकाडी आणि अल्कोहोल पुरे. मी यापुढे 180 चं रिफिल तेवढं मागवणार. तुटलेल्या खटक्याबद्दल कंपनी म्हणते, ॲक्सेसरीवर वॉरंटी नाही. आईची जुनी पितळी पिचकारी होती, पण ब्रोमेलियाडला पितळेतलं तांबं मानवत नाही म्हणून तीही बाद. बाटलीच्या आट्या 28 मिलिमीटरच्या आहेत. लांब नळीचा, तिरका धरला तरी चालणारा खटका पुण्यात सुटा कुठे मिळत असेल तर खाली लिहा. शंभरच्या आत.