सेरोटोनिनवर प्रोजेक्ट करायचाय, मग १ए रिसेप्टर घेऊ की २सी, आणि फिट आणायला पायलोकार्पीन की कायनेट?

एम.फार्मची पोरं दरवर्षी टॉपिक फायनल करायच्या वेळेला हेच विचारतात, काल कॉलेज रोडला चहा पिताना परत तेच, की दादा उंदरांमधल्या स्टेटस एपिलेप्टिकसवर (न थांबणारी फिट) सेरोटोनिनचं औषध बघायचंय तर नेमकं काय घेऊ. म्हटलं एकदाच लिहून टाकतो.

आधी सेरोटोनिनच का ते. फिट पाच मिनिटांच्या वर गेली की ती आपोआप थांबेल असं धरायचं नाही, आणि जितका उशीर होईल तितकं डायझेपाम, म्हणजे फिट थांबवायचं नेहमीचं औषध, कमी लागू पडतं कारण ते मेंदू शांत करणाऱ्या ज्या गाबा-ए रिसेप्टरवर बसतं तेच पेशीच्या आत ओढले जातात. म्हणून दुसरा दरवाजा शोधायचा.

५-एचटी१ए (५-एचटी म्हणजे सेरोटोनिन, १ए हा त्याचा एक रिसेप्टर) चालू करायला आपल्याकडे बहुतेक वेळा ८-ओएच-डीपॅट. हिप्पोकॅम्पसमध्ये हे रिसेप्टर पोटॅशियमचे चॅनल उघडतात आणि पेशी थंडावते, इथपर्यंत गोष्ट झकास. पण हेच रिसेप्टर रॅफेतही (मेंदूतला सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचा भाग) आहेत आणि तिथे ते चालू झाले की सेरोटोनिन सुटणंच कमी होतं, आणि अॅब्सेन्स फिट्सच्या डब्ल्यूएजी/रिज या उंदरांच्या जातीत तर याच डीपॅटने स्पाइक-वेव्ह (ईईजीतल्या फिटच्या लहरी) वाढतात, म्हणजे सरसकट 'फिट कमी करतं' असं इंट्रोडक्शनमध्ये ठोकलं तर व्हायवाला पकडणार. वर ते ५-एचटी७ या दुसऱ्या रिसेप्टरवरही बसतं, त्यामुळे १ए बंद करणारं वे-१००६३५ देऊन परिणाम उलटतो का हे दाखवायलाच लागतं.

आणि मी स्वतः खाल्लेली माती सांगतो. डीपॅटने उंदराचं अंग गार पडतं, आणि अंग गार पडलं की फिट तशीही कमी होते. मी टेंपरेचर घेतलंच नव्हतं! आमच्या कॉलेजच्या अॅनिमल हाऊसचा एसी मे महिन्यात बंद पडलेला, त्यात एका बॅचचे आकडे एक आणि दुसरीचे भलतेच, एक्स्टर्नलने एकच प्रश्न विचारला आणि मी गप्प. शिवाय उंदीर पोट जमिनीला टेकवून पसरतो आणि पुढचे पाय कणीक तिंबल्यासारखे आळीपाळीने मारतो, हा सेरोटोनिन सिंड्रोम (सेरोटोनिनचे रिसेप्टर जास्त चालू झाल्याचं लक्षण), पण नवख्याला ती रेसीन स्केलची (फिटची तीव्रता मोजायची पट्टी) तिसरी पायरी वाटते. ईईजी नसेल तर निदान व्हिडिओ घ्या, आणि कुठल्या उंदराला काय दिलंय हे स्कोर देणाऱ्याला सांगू नका.

२सी मला जास्त आवडतं. हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांना फिट्स येतात आणि ते लठ्ठही होतात, हे १९९५ पासून माहितीये. २सी वर काम करणारं फेनफ्लुरामिन आधी वजन कमी करायचं औषध होतं, हार्टच्या व्हॉल्व्हमुळे १९९७ मध्ये बाजारातून गेलं (तो दोष २बी रिसेप्टरचा), आणि २०२० मध्ये अमेरिकेत ड्रॅव्हे सिंड्रोमसाठी (लहान मुलांची गंभीर एपिलेप्सी) परत आलं, त्यामुळे 'पेशंटला काय उपयोग' याचं उत्तर तयार असतं. पण ते सेरोटोनिन सोडवतं आणि सिग्मा-१ या वेगळ्याच रिसेप्टरवरही काम करतं, तेव्हा २सी चंच काम आहे म्हणायचं असेल तर २सी बंद करणाऱ्या एसबी-२४२०८४ चा ग्रुप लागणार.

आता मॉडेल, म्हणजे उंदरात फिट कशाने आणायची ते, आणि इथेच सगळे घसरतात. लिथियम-पायलोकार्पीन स्वस्त, आदल्या दिवशी लिथियम दिलं की पायलोकार्पीनचा डोस ३००-४०० मिग्रॅ प्रति किलोवरून ३० च्या आसपास येतो, म्हणून सगळे तेच करतात. पण लिथियम स्वतः सेरोटोनिनचं काम वाढवतं! आणि २सी ज्या इनॉसिटॉलच्या वाटेने सिग्नल देतो तीच वाट लिथियम अडवतं, मग जो फरक दिसला तो औषधाचा की लिथियमचा, सांगा बरं. कायनिक अॅसिड (म्हणजेच कायनेट) महाग, पण हा गोंधळ नाही. त्यात उंदीर भिजलेल्या कुत्र्यासारखा अंग झाडतो, ते सेरोटोनिनच्या २ए रिसेप्टरमुळेही होतं, म्हणून ते वेगळं मोजायचं, स्कोरमध्ये मिसळायचं नाही. बजेट अगदीच नसेल तर लिथियमशिवाय मोठ्या डोसचं पायलोकार्पीन, अर्धा तास आधी मिथाइलस्कोपोलामिन देऊन (पायलोकार्पीनचे मेंदूबाहेरचे परिणाम अडवायला), पण त्यात उंदीर बरेच दगावतात, तेवढे जास्तीचे धरून चला.

माझा कौल कायनेट आणि २सी. १ए घ्यायचंच असेल तर रेक्टल थर्मामीटर आणि गरम पॅड आधी विकत घ्या, औषध नंतर.

अजून एक, औषध फिट सुरू व्हायच्या आधी देऊन 'स्टेटसवर परिणाम' असं लिहू नका, ते फक्त फिट अडवणं झालं. स्टेटस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने द्या, बाजूला डायझेपामचा ग्रुप ठेवा. सीसीएसईएचा (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती) परवानगीचा फॉर्म बी भरतानाच अँटॅगोनिस्ट (रिसेप्टर बंद करणारं औषध) एकटा दिलेला ग्रुपही टाका, नंतर उंदीर वाढवून मागायला गेलात की कमिटीची पुढची मीटिंग कधी ते विचारत बसायला लागतं आणि तोवर सेमिस्टर संपलेलं असतं.